सुधा नावाची पावती

लंडनमध्ये बसून लोकांचे अमेरिकेचे टॅक्स रिटर्न भरते असं सांगितलं की सांगलीपासून डोंबिवलीपर्यंतचे माझे सगळे नातेवाईक एकच विचारायचे, "अगं, पण कशाला?" आणि लंडनमधली अमेरिकन पासपोर्टवाली मराठी मंडळी मात्र जेवता जेवता हात पुसून माझा नंबर मागायची. एकोणीस वर्षं मी हॅरोमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हा धंदा केला. आता बंद केलाय, कारण डोळे दमले आणि नवऱ्याला त्याची खोली परत हवी होती. पण खरं सांगते, एवढी मजा मला दुसऱ्या कुठल्या कामात आली नसती!

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेचा पासपोर्ट एकदा घेतला की तुम्ही हॅरोत राहा नाहीतर हरिहरेश्वरला, दर वर्षी तिकडे रिटर्न भरायचाच. माझे बहुतेक क्लायंट म्हणजे न्यू जर्सीत दहा-बारा वर्षं काढून, नागरिक होऊन, मग नोकरीपायी लंडनला आलेली कुटुंबं. आम्हीही त्यातलेच. न्यू जर्सीत मी एका टॅक्सच्या दुकानात सीझनला काम करायचे, तिथेच परीक्षा देऊन लायसन्स घेतलं. ते इथे असं उपयोगी पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

काम सगळं सॉफ्टवेअरवर. ते एकेक प्रश्न विचारतं, आपण उत्तर द्यायचं. उत्तर नसेल तर 'पुढे' हे बटण करडं होऊन बसतं, मग तुम्ही कितीही आपटा. मी त्याच्याशी मोठ्याने भांडायचे. नवरा स्वयंपाकघरातून विचारायचा, "कोण आलंय गं?"

या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं प्रकरण म्हणजे शिक्षणाचं क्रेडिट. घरातलं कोणी पहिल्या पदवीसाठी कॉलेजात असेल आणि फी भरली असेल, तर अमेरिका तुमचा टॅक्स कमी करते. आणि टॅक्स आधीच शून्य असला, जो आमच्या लोकांचा असतोच कारण ते इथे ब्रिटनला भरून बसलेले असतात, तरी हजार डॉलरपर्यंत रोख परत देते! एका विद्यार्थ्यासाठी चार वेळा. कॉलेज मात्र अमेरिकन सरकारच्या यादीतलं हवं. गंमत म्हणजे इंग्लंडमधली कितीतरी कॉलेजं त्या यादीत आहेत आणि हे कुणाला माहीतच नसतं. हे मी पहिल्यांदा शोधून काढलं तेव्हा इतकी जोरात ओरडले की नवऱ्याने हातातला चहा सांडला.

आता अडचण अशी की अमेरिकन कॉलेजं फीचा एक ठरावीक फॉर्म देतात आणि सॉफ्टवेअर तोच मागतं. इथल्या कॉलेजांनी त्या फॉर्मचं नावही ऐकलेलं नसतं. एका कॉलेजच्या ऑफिसने मला तो फॉर्म म्हणून विद्यार्थ्यांच्या कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, माफीचं पत्र पाठवलं. मी पुन्हा समजावून लिहिलं, तर पुन्हा तेच पत्र आलं, या वेळी शिक्का मारून. शेवटी मला वाट सापडली. फॉर्मऐवजी फीची पावती आणि प्रवेशाचं पत्र चालतं, फक्त कॉलेजला अमेरिकेच्या टॅक्स खात्याने दिलेला एक नंबर लागतो. तो मी फायनान्स ऑफिसच्या मागे लागून लागून मिळवायचे. माझ्या वहीत असे सतरा नंबर होते आणि ती वही मी दागिन्यांच्या डब्यात ठेवायचे.

सॉफ्टवेअरचा एक प्रश्न तर कहर होता. विद्यार्थ्याला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? विचारल्याशिवाय सुटका नाही. क्रॉयडनच्या एका डॉक्टरांना मी त्यांच्या मुलीबद्दल हे विचारलं. एवढा शांत माणूस, खुर्चीतून उठलाच. "अहो ताई, आमच्या घरात कोणी सुपारीसुद्धा खात नाही!" मी म्हटलं, "डॉक्टर, मला फक्त 'नाही' एवढंच टाइप करायचंय." इल्फर्डचे एक गृहस्थ होते, त्यांचा हट्ट वेगळाच. मुलगा हॉस्टेलवर, आणि दर रविवारी हे त्याला आठवड्याचे डबे पोचवायचे. जेवणखाण शिक्षणात धरत नाहीत हे सांगून माझा घसा सुकला. "पण ताई, उपाशी पोटी अभ्यास होतो का? तुम्हीच सांगा!" मुद्दा मला पटला. डबे धरले मात्र नाहीत.

आता जे सांगायचंय त्याकडे येते.

श्रीकांत आणि मेघना आठल्ये हे माझे जुने क्लायंट. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर, ती एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ टीचिंग असिस्टंट. त्यांच्या मुलीचं क्रेडिट मी चारही वर्षं घेतलं होतं, ती शिकून नोकरीला लागली होती, त्यामुळे त्या घराचा शिक्षणाचा कप्पा माझ्या लेखी बंद. सॉफ्टवेअर मागच्या वर्षीची माहिती आपोआप पुढे ओढतं, मी ते पान न वाचता ओलांडायचे.

चार वर्षांपूर्वीचा जून. परदेशातल्यांना पंधरा जूनपर्यंत मुदत असते, म्हणजे माझी धावपळ शिगेला पोचलेली. आठल्यांचं पाकीट उघडलं तर सगळ्या कागदांच्या तळाशी घडी घातलेली एक फीची पावती. लंडनच्याच एका कॉलेजची, संध्याकाळचा पदवीचा कोर्स, विषय भूगोल. विद्यार्थिनीचं नाव, सुधा दत्तात्रय पेठे.

आमच्या धंद्यात एका क्लायंटचा कागद दुसऱ्याच्या पाकिटात जाणं यासारखं पाप नाही. लायसन्स जाऊ शकतं! मी सगळी पाकिटं जमिनीवर ओतली. पेठे नावाचा माझा एकही क्लायंट नाही. मग फोन करत सुटले. कागद कुणाचा ते सांगायचं नाही, त्यामुळे नुसतंच विचारायचं, "तुमच्याकडे सुधा कोणी आहे का हो?" एकीने सांगितलं, पुण्याला कामाला होती त्या बाईचं नाव सुधा. क्रॉयडनच्या डॉक्टरांना वाटलं मी त्यांच्या भाच्यासाठी स्थळ आणलंय, त्यांनी उंची विचारली.

श्रीकांतलाही केला, आणि घाईत 'कॉलेजात जाणारी सुधा' असं बोलून गेले. तो हसला. "आमच्यात सुधा एकच, माझी आई. सांगलीत असते, शहाऐंशी वर्षांची. ती आता कशाला कॉलेजात जाईल ताई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघनाचा फोन आला. मागे शाळेतल्या मुलांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, ती पावती माझी आहे."

"तुझी? अगं, पण त्यावर सुधा लिहिलंय."

"मीच सुधा. लग्नाआधीची."

बघा, मी मराठी बाई, आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात हे मला जन्मापासून ठाऊक. माझं बदलायचं राहिलं ते फक्त भटजींना दुसरं लग्न लावायला जायची घाई होती म्हणून. तरीही दोन दिवस मी अख्ख्या लंडनभर सुधा शोधत होते आणि हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आणि श्रीकांतच्याही नाही! ते जास्त लागलं मला.

मग तिने सगळं सांगितलं. एस. वाय. बी. ए.ला होती, भूगोल घेऊन. मे महिन्यात लग्न झालं. पुढे शिकू देऊ असं सासरच्यांनी कबूल केलं होतं, पण नंतर कुणी विषय काढला नाही आणि हिनेही काढला नाही. आता मुलगी मार्गी लागल्यावर जुन्या मार्कशीटवर इथे प्रवेश घेतला. मार्कशीट सुधाच्या नावाची. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, नोंद कुठल्या नावाने करू? "आणि ताई, माझ्या तोंडून सुधाच गेलं. माझं मलाच कळलं नाही."

श्रीकांतला एवढंच माहीत होतं की ती संध्याकाळी कुठल्यातरी क्लासला जाते. पहिल्या वर्षाची फी तिने स्वतःच्या पगारातून भरली होती. दुसऱ्या वर्षाला कमी पडत होते, आणि घरात मागायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं. मुलीच्या वेळचं क्रेडिट तिच्या लक्षात होतं. बोलायचा धीर होईना म्हणून पावती गुपचूप पाकिटात सरकवली. "हे मिळालं तर दुसरं वर्ष, नाहीतर सोडून देईन. मिळेल का हो?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका! सगळ्या अटींत ती बसत होती. पहिली पदवी, तीही अपुरी राहिलेली. कॉलेज यादीतलं. नंबर तर माझ्या वहीतच होता! "मिळणार म्हणजे काय, मिळालंच पाहिजे!" मी ओरडले. आणि मग जीभ चावली, कारण दोन कुलपं होती. पहिलं म्हणजे नवरा-बायकोने वेगवेगळा रिटर्न भरला तर हे क्रेडिट मिळत नाही. एकत्रच भरायचा, म्हणजे श्रीकांतची सही लागणार. दुसरं म्हणजे या क्रेडिटसाठी माझ्यासारखीलाही लिहून द्यावं लागतं की मी नीट चौकशी केली, कागद पाहिले. रिटर्नमध्ये मेघना आणि पावतीवर सुधा, या दोघी एकच आहेत असं सांगणारा कागद माझ्या फाइलला हवा. लग्नाच्या दाखल्यावर वधूचं नाव सुधा, पण पुढे ती मेघना झाली हे कुठेच नाही. नाव बदलल्याचं शपथपत्र दोन देश आणि पाच घरं बदलताना हरवलेलं.

"मी त्यांना काही सांगणार नाही," मी म्हटलं, "पण तुला सांगावं लागेल."

ती म्हणाली, "शनिवारी येतो आम्ही."

शनिवारी दुपारी दोघं आले. तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पोह्यांना हात लावला नाही त्याने, आणि माझ्या पोह्यांना नाही म्हणणारा क्लायंट मी तोवर पाहिला नव्हता.

"सोपं आहे ताई," तो म्हणाला. "कॉलेजला एक ईमेल टाकू. नाव मेघना करून देतील, नवी पावती देतील. विषय संपला."

खरं होतं. माझं कामही त्याने दहा मिनिटांत झालं असतं.

"नाही," मेघना म्हणाली.

"अगं, त्यात काय एवढं? कागदावरचं तर नाव."

"कागदावरच आहे, म्हणून तर हवंय. बाकी कुठे उरलंय ते?"

"मग फी? क्रेडिट गेलं तर काय करणारेस?"

"सोडीन कॉलेज. नाव बदलून नाही शिकायचं मला."

मी इतक्या वर्षांत त्या बाईचा आवाज एवढा वर गेलेला ऐकला नव्हता. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण मी लायसन्सवाली बाई, मी पोह्यांवर खोबरं घातलं आणि म्हटलं, "श्रीकांत, तिसरा मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या. नाव बदललं त्या लग्नाचे साक्षीदार तुम्हीच. सही करा, मी फाइलला लावते, अमेरिकेने मागितलं तर पाठवते."

त्याने खिशातून पेन काढलं. बँकेतला माणूस, अक्षर सुंदर. मी श्रीकांत अनंत आठल्ये असं लिहून देतो की माझी पत्नी मेघना हिचं लग्नापूर्वीचं नाव सुधा दत्तात्रय पेठे होतं आणि लग्नात ते बदलण्यात आलं. इंग्रजीत लिहीत होता, तोंडाने मराठीत पुटपुटत होता.

"कारण लिहायचं का?"

"लिहा. आडनाव बदलतं हे त्यांना कळतं. पहिलं नाव का बदललं ते नाही कळायचं."

तो मेघनाकडे वळला. "का बदललं होतं गं?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"भटजींनी पत्रिकेवरून अक्षर काढलं असेल."

"आईंचं नाव सुधा. घरात दोन सुधा नकोत म्हणून."

त्याने पेन खाली ठेवलं. खरंच आठवत नव्हतं त्याला. खोटं बोलणारा माणूस मला लगेच कळतो, सगळी हयात त्यात गेली. "आईला विचारतो," तो म्हणाला, आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सांगलीत संध्याकाळ झाली होती.

"आई, आमच्या लग्नात मेघनाचं नाव तू बदलायला सांगितलंस?"

"हो, मीच. नाहीतर कुणी एक हाक मारली की दोघी उठायच्या. का रे? भांडलात का?"

त्याने सांगितलं. कॉलेज, पावती, अमेरिका, सगळं. म्हातारीला किती कळलं देव जाणे. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"तिला तिचं नाव हवंय ना? मग दे की. माझ्या परवानगीला काय ठेवलंय? सुधा माझं तरी कुठंय?"

"म्हणजे?"

"अरे, मी मिरजेची यमुना. यमू म्हणायचे सगळे. तुझ्या वडिलांना नाही आवडलं. यमाचं नाव घरात नको म्हणाले. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुधा लिहिलं, झालं."

श्रीकांत अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याने फोनकडे असं पाहिलं की मलाच त्याची दया आली. "तू कधी बोलली नाहीस आई."

"तू विचारलंस कधी?"

मेघना रडत होती आणि हसतही होती. मीही, कशाला लपवू! ज्या नावाला जागा हवी म्हणून या पोरीचं नाव गेलं, ते नाव त्या बाईचंही नव्हतं.

"श्री," फोनमधून आवाज आला, "तो कागद सरकारात जाणार का रे?"

मीच पुढे झाले. "आजी, जाईलच असं नाही. त्यांनी मागितला तर जाईल. पण माझ्या फाइलला राहील."

"मग त्यात माझंही लिही म्हणावं. यमुना गोविंद साने, मिरज. एखाद्या कागदावर असू दे."

श्रीकांतने लिहिलं. माझ्या आईचंही नाव तिच्या लग्नात बदलण्यात आलं, ते यमुना गोविंद साने होतं. टॅक्सशी त्या वाक्याचा काडीचा संबंध नव्हता. मग त्याने खाली सही केली, तारीख घातली, आणि पोहे खाल्ले. दोनदा घेतले.

मी त्यांच्यासमोरच रिटर्न भरला. विद्यार्थी कोण, तर पत्नी. 'पुढे' बटण निळं झालं. अमली पदार्थांचा प्रश्न आला तेव्हा मी मेघनाला विचारला आणि ती म्हणाली, "अजून तरी नाही ताई," तेव्हा श्रीकांतसुद्धा हसला. पाठवलं, आणि संध्याकाळच्या आत 'स्वीकारला' असा निरोप आला. मी नाचले! पैसे आले, दुसऱ्या वर्षाची फी भरली गेली. पुढे उरलेली तिन्ही वर्षं आम्ही क्रेडिट घेतलं, तेच पत्र फाइलला. गेल्या उन्हाळ्यात सुधा दत्तात्रय पेठे भूगोलाची पदवीधर झाली. घरात ती अजून मेघनाच आहे. इतक्या वर्षांची सवय, ती म्हणते, आणि दोन्ही नावांना ओ देते.

अमेरिकेने ते पत्र कधी मागितलंच नाही. दुकान बंद करताना मी जुन्या फाइली मशिनमध्ये घालून नष्ट केल्या, पण ते पत्र माझ्या हातून मशिनमध्ये जाईना. श्रीकांतला विचारलं, तो म्हणाला, आईलाच पाठवा. मी चांगलं जाड पाकीट आणलं, ठळक अक्षरात श्रीमती यमुना आठल्ये असं नाव घातलं, खाली सांगलीचा पूर्ण पत्ता, आणि मुद्दाम रजिस्टर केलं, म्हणजे पोस्टमन नाव विचारून, सही घेऊन तिच्याच हातात देईल.

सात आठवड्यांनी पाकीट परत आलं. वर शेरा होता, या नावाचे कोणी येथे राहत नाही. नंतर कळलं, आजींची देखभाल करणाऱ्या बाईंनीच दारात पोस्टमनला तसं सांगितलं होतं, आणि आजी आतल्या खोलीत जाग्या होत्या.

मी नवीन पाकीट घेतलं. त्यावर श्रीमती सुधा आठल्ये असं लिहिलं आणि पुन्हा पोस्टात टाकलं. ते दहा दिवसांत पोचलं.